सुरतेचा नमुना, सॅन फ्रान्सिस्कोची चौकट

1643 साली लंडनहून ईस्ट इंडिया कंपनीच्या संचालकांनी सुरतेतल्या आपल्या वखारीला एक पत्र धाडलं. तक्रार रजयांबद्दल होती. सुरतेहून येणाऱ्या चिटाच्या रजयांची जमीन उदास लाल असते, ती सगळ्याच गिऱ्हाइकांना रुचत नाही. यापुढे पांढरी जमीन जास्त ठेवा, रंगीत फुलं-फांद्या मधोमध येऊ द्या, बाकी रंगाऱ्याच्या मर्जीवर सोडा, असा त्या पत्राचा मतलब. आफ्रिकेला वळसा घालून शिडाचं जहाज सुवाळीच्या किनाऱ्याला लागायला सहा-आठ महिने. मग रंगाऱ्याला निरोप, नवा माल, परतीच्या वाऱ्याची वाट आणि पुन्हा तेवढाच समुद्र. ‘लाल नको, पांढरं दाखवा’ एवढं एक वाक्य बोलून त्याचं उत्तर हातात पडायला दोनेक वर्षं जात.

सुरत म्हटलं की मराठी माणसाला 1664 आणि 1670 ही सालं आठवतात, आणि आठवावीतच. पण त्या दोन स्वाऱ्यांत शिवाजी महाराजांच्या हाती जे लागलं ते या शहरात साठलं कसं, हे आपण फारसं विचारत नाही. ते साठलं ते दूरच्या माणसाला काय आवडेल हे ओळखून त्याच्यासाठी माल तयार करण्याच्या कसबावर. सुरत हे काम चार शतकं करते आहे. बदलला आहे तो निरोप पोहोचण्याचा वेग.

आज रिंग रोडवरच्या एखाद्या मार्केटात दुकानदाराचा पोरगा फोनसमोर साडीचा पदर झटकतो, तीस सेकंदांची रील टाकतो, आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाला माल दाखवून होईपर्यंत खाली धुळे, नागपूर, बेळगाव, लेस्टर कुठून कुठून प्रश्न येऊन पडलेले असतात. ‘पांढऱ्यात आहे का?’ 1643 चं पत्रच ते, फक्त दोन वर्षांऐवजी दोन मिनिटांत आलेलं. ही दोन मिनिटं ज्या यंत्रणेने शक्य केली तिचा जन्म मात्र कापडाशी किंवा दुकानदारीशी काडीचाही संबंध नसलेल्या सॅन फ्रान्सिस्कोतल्या दोन तरुणांच्या हातून झाला. जन्मही असा, की मूळ बेत साफ फसला होता.

केविन सिस्ट्रॉम हा बॉस्टनजवळ वाढलेला, माइक क्रीगर ब्राझीलच्या साओ पावलोचा. दोघेही स्टॅनफर्डचे. सिस्ट्रॉमने आधी ‘बर्बन’ नावाचं एक ॲप केलं होतं. आपण कुठे आहोत ते मित्रांना कळवायचं, पुढचे बेत आखायचे, भेटीगाठींचे गुण मिळवायचे, आणि जमलं तर फोटो टाकायचा, असा तो सगळा गोपाळकाला. मार्च 2010 मध्ये त्याला दोन गुंतवणूकदारांकडून 5 लाख डॉलर मिळाले, क्रीगर येऊन मिळाला, आणि मग दोघांनी एक शहाणपणाची गोष्ट केली: लोक या ॲपचं नक्की काय करतात ते निमूट पाहिलं. लोक ठावठिकाणा कळवत नव्हते, गुण मोजत नव्हते. फोटो मात्र टाकत होते. दोघांनी फोटो, त्याखालची टिप्पणी आणि आवडल्याची खूण एवढं ठेवलं, बाकी सगळं कापून टाकलं. आपणच रात्री जागून लिहिलेला कोड असा पुसायला काळीज लागतं. मला तर त्यांच्या सगळ्या कर्तबगारीत हीच सर्वांत मोठी वाटते.

राहिली अडचण फोटोंची. तेव्हाच्या फोनचे कॅमेरे यथातथाच. सिस्ट्रॉम आपल्या मैत्रिणीबरोबर मेक्सिकोतल्या तोदोस सांतोस या गावी सुटीला गेला असताना ती म्हणाली, मी काही या ॲपवर फोटो टाकणार नाही. तुझ्या अमक्या मित्राचे फोटो किती सुंदर येतात, माझे तसे येत नाहीत. तो मित्र फोटोंना फिल्टर लावतो, सिस्ट्रॉमने सांगितलं. मग तुम्हीही फिल्टर द्या की, ती म्हणाली. त्याने सुटीतच बसून पहिला फिल्टर लिहिला, एक्स-प्रो टू. 16 जुलै 2010 रोजी टाकोच्या टपरीपाशी बसलेल्या एका कुत्र्याचा फोटो त्याने टाकला. कडेला त्या मैत्रिणीचं पाऊल दिसतं. पुढे तिचं आणि त्याचं लग्न झालं. कुत्र्याचं काय झालं ते इतिहासाला ठाऊक नाही.

फिल्टर म्हणजे काय, हे एकदा कळलं की त्यातली गंमत वाढते. फोनमधला फोटो हा ठिपक्यांचा पट असतो आणि प्रत्येक ठिपक्यापाशी तीन आकडे असतात: लाल किती, हिरवा किती, निळा किती, प्रत्येकी 0 ते 255. फिल्टर म्हणजे मुळात या तीन रंगांसाठी तीन तक्ते. समजा, लालचा आकडा 120 आला तर तो 138 करा, निळ्याचा 200 आला तर 180 करा, असे. मग कडांचे ठिपके थोडे काळवंडा, मधले थोडे उजळा. झालं. एक्स-प्रो टू ज्याची नक्कल करतो तो प्रकार फिल्मच्या जमान्यातला. स्लाइडची फिल्म मुद्दाम निगेटिव्हच्या रसायनात धुतली की रंग भडक होत, सावल्या दाट होत आणि सगळ्यावर एक विचित्र झाक चढे. रसायनाची ती चूक इथे आकड्यांच्या तक्त्यात बसवली होती. फोटोतलं धूसर, फिकं, मळकट जे काही असेल ते आता हेतुपुरस्सर केल्यासारखं दिसू लागलं. कॅमेरा सुधारला नव्हता. त्याच्या दोषांना शैली मिळाली होती.

चौकोनी चौकटही अशीच जुन्या वळणावरून आली. शिकायला इटलीत फ्लोरेन्सला असताना सिस्ट्रॉमच्या शिक्षकाने त्याचा भारी कॅमेरा काढून घेऊन हाती होल्गा दिला होता. होल्गा म्हणजे प्लास्टिकचा, प्लास्टिकच्याच भिंगाचा, खेळण्यासारखा कॅमेरा. त्याचे फोटो चौरस येत. ती आठवण ॲपमध्ये उतरली. सुरुवातीचा फोटो 612 ठिपके लांब, 612 ठिपके रुंद, म्हणजे पावणेचार लाखांच्या आसपास ठिपके. त्याच उन्हाळ्यात बाजारात आलेल्या आयफोन 4 चा कॅमेरा पन्नास लाख ठिपके टिपत होता. तेरातले बारा ठिपके टाकून द्यायचे! पण त्यामुळे फोटो हलका झाला, हललेल्या हाताचा दोष लहान आकारात लपला आणि तेव्हाच्या मंद इंटरनेटवरूनही तो भराभर जाऊ लागला.

भराभर जातो असं वाटण्यात एक चलाखीही होती, आणि ती क्रीगरने नंतर जाहीर भाषणात मोकळेपणाने सांगितली. फिल्टर निवडून माणूस फोटोखाली चार शब्द लिहायला बसला की ॲप त्याची परवानगी येण्याआधीच फोटो गुपचूप वर चढवायला लागे. पाहुणे दारात चपला काढताहेत तोवर आतून चहाचं आधण चढवणाऱ्या सुगृहिणीचीच ही रीत. माणसाने शेवटचं बटण दाबावं तर काम उरकलेलं. तसंच आवडल्याची खूण. ती दाबताच रंगायची. दूरच्या सर्व्हरपर्यंत निरोप नंतर सावकाश जायचा.

6 ऑक्टोबर 2010 ला ‘इन्स्टाग्राम’ या नावाने आयफोनवर ॲप खुलं झालं. पहिल्याच दिवशी 25,000 लोक आले. आणि हे सगळं लॉस एंजेलिसमधल्या एकाच यंत्रावर चाललं होतं, तेही क्रीगरच्या स्वतःच्या लॅपटॉपहून कमी ताकदीचं. पहिल्या दिवशी यंत्राचा जीव घेणाऱ्या गोष्टींत एक होतं ब्राउझरच्या टोकाला दिसणारं इवलंसं चिन्ह. ते चित्र ठेवायचंच राहिलं होतं, आणि प्रत्येक येणारा पाहुणा ते मागत होता. नकार देता देता यंत्र दमून जात होतं. थोड्याच दिवसांत ॲमेझॉनच्या भाड्याच्या यंत्रांवर बिऱ्हाड हललं. अडीच महिन्यांत दहा लाख माणसं झाली. 3 एप्रिल 2012 ला अँड्रॉइड फोनवर ॲप आलं, एका दिवसाच्या आत दहा लाखांहून अधिक लोकांनी ते उतरवून घेतलं, आणि त्याच आठवड्याच्या पाठोपाठ, 9 एप्रिलला, फेसबुकने 100 कोटी डॉलरला कंपनी विकत घेण्याचा सौदा जाहीर केला. कंपनीत माणसं होती तेरा. कमाई शून्य. सौद्यात फेसबुकचे शेअरही होते आणि व्यवहार पुरा होईपर्यंत त्यांचा भाव पडला, म्हणून प्रत्यक्ष किंमत 71 कोटी डॉलरच्या आसपास आली. पण मोठा आकडाच लोकांच्या लक्षात राहिला.

त्या वेळी सुरतेच्या कापडबाजारात या नावाला कोणी ओळखत नव्हतं. आयफोन कुणाकडे असणार? अँड्रॉइड आला तरी इंटरनेटचा दर परवडेना. 2016 सालचे दोन महिने मात्र मी एकत्र वाचतो. 2 ऑगस्टला इन्स्टाग्रामवर स्टोरी आल्या, स्नॅपचॅटवरून सरळसरळ उचललेल्या. सिस्ट्रॉमने श्रेय स्नॅपचॅटचंच असल्याचं मान्यही केलं. 5 सप्टेंबरला भारतात जिओ सुरू झालं आणि डेटा जवळजवळ फुकट झाला. मग 29 जून 2020 ला भारत सरकारने टिकटॉकसह 59 चिनी ॲपांवर बंदी घातली. कोट्यवधी माणसं एका रात्रीत बेघर झाली आणि इन्स्टाग्रामने 8 जुलैला, दहाव्या दिवशी, भारतात रील्स उघडल्या. इतक्या झपाट्याने भाडेकरू दुसऱ्या वाड्यात गेल्याचं उदाहरण क्वचितच सापडेल.

आणि आता चौकटीकडे पुन्हा पाहू, कारण सुरतेच्या दृष्टीने खरी गोष्ट तिच्यात आहे. साडी साडेपाच मीटरची, वर ब्लाउजपीस. नेसलेली बाई उभी. उभी बाई चौरसात बसवायची तर एकतर डोकं कापा नाहीतर काठ कापा. आणि साडीचा जीव तर काठातच. चौरस चौकट ही न्याहारीच्या ताटलीला आणि मांजराला छान, साडीला नाही. ऑगस्ट 2015 मध्ये इन्स्टाग्रामने आडव्या-उभ्या फोटोंना परवानगी दिली. स्टोरीने पुढच्या वर्षी अख्खा उभा पडदा दिला, रीलने त्यात हालचाल घातली. खांद्यापासून निऱ्यांच्या टोकापर्यंत साडी प्रथमच अखंड मावली. कॅलिफोर्नियात बसलेल्या कुणाच्या ध्यानीमनीही साडी नसेल, तरी माझ्या मते या ॲपचा कापडबाजारासाठीचा सर्वांत मोठा शोध हाच.

हालचालीचं महत्त्व तर विचारू नका. जरीचा रंग हा पुष्कळसा चकाकीचा असतो. प्रकाश ज्या कोनातून येतो आणि आपण ज्या कोनातून पाहतो त्यावर तो पालटतो. धूपछाव कापडात ताणा एका रंगाचा आणि बाणा दुसऱ्या. घडी हलली की जांभळ्यातून मोरपंखी निघतं. स्थिर फोटोला यातला एकच क्षण मिळतो. व्हिडिओला सगळे मिळतात. म्हणूनच रीलमधला माणूस साडी नुसती दाखवत नाही, सतत झुलवत असतो. गादीवर बसलेला सुरतेचा जुना सेल्समन हेच करत आला. त्याच्या मनगटाची ती लकब आता फोनच्या भिंगापुढे चालते.

फोटोवर माल विकण्याची तालीम या बाजाराला आधीपासून होती. इथे साडी एकेकटी जन्मत नाही, ‘कॅटलॉग’मध्ये जन्मते. एकाच कल्पनेच्या सहा, आठ, बारा साड्या, त्यांना एक झोकदार नाव, मॉडेलवर काढलेले फोटो, त्याची छापील पुस्तिका. विणकराकडून कोरं, ‘ग्रे’ कापड येतं, पांडेसरा-सचिनकडच्या मिलमध्ये रंगतं आणि छापलं जातं, मग घरोघरी लेस, टिकी, खडे लागतात. नमुन्याच्या साडीचा फोटो आधी फिरतो, मागणी पाहून मोठा लॉट नंतर निघतो. पुस्तिका आढत्याच्या बॅगेतून गावोगाव जायची. ती बॅग व्हॉट्सॲपमध्ये गेली, तिथून इन्स्टाग्रामवर. 2015 मध्ये आयआयटी दिल्लीच्या विदित आत्रेय आणि संजीव बरनवाल यांनी मीशो काढलं, तेही याच सवयीवर: घरच्या घरी बसलेल्या बाईने फोटो पुढे धाडायचा, आपला नफा धरून भाव सांगायचा, माल परस्पर सुरतेसारख्या ठिकाणाहून जायचा. जून 2019 मध्ये फेसबुकने मीशोत पैसे घातले. भारतातल्या एखाद्या स्टार्टअपमधली ती त्यांची पहिली गुंतवणूक. फोटो पाहून साडी घेणाऱ्या बायकांची ताकद मेन्लो पार्कमधल्या फेसबुकच्या कचेरीपर्यंत पोहोचली होती.

त्या टिकी-खड्यांपाशी थोडं थांबायला हवं. लिंबायत, डिंडोली, नवागाम, उधना या वस्त्यांत फिरा. कानावर अहिराणी पडेल. धुळे, नंदुरबार, जळगावकडून भुसावळ लाइनने आलेली खानदेशी कुटुंबं इथे पिढ्यान्‌पिढ्या राहतात. पुरुष मार्केटात, मिलमध्ये, लूमवर. बाया घरात साड्यांना खडे चिकटवणार, धागे कापणार. आज त्याच घरातल्या मुलीच्या फोनवर अहिराणी गाण्याची रील आणि आईने काल खडे लावलेल्या घाटाची साडी एकापाठोपाठ सरकत असतील, आणि तीच साडी अमळनेरला मावशीच्याही पडद्यावर उगवत असेल. मावशीने तर ती साडी विकणारं दुकान कधी शोधलंही नाही. मग उगवली कशी?

2016 पर्यंत इन्स्टाग्रामवर फोटो काळाच्या क्रमाने दिसत. त्या वर्षी कंपनीने सांगितलं की लोकांच्या नजरेतून सरासरी 70 टक्के फोटो निसटून जातात, म्हणून क्रम आता आवडीनुसार लागेल. अनोळखी खात्यांचा माल दाखवणाऱ्या ‘एक्सप्लोअर’ पानाचं काम 2019 मध्ये कसं चाले, ते त्यांच्या अभियंत्यांनी त्या वर्षी लिहिलं आहे, आणि ते वाचून मी थक्क झालो. माणूस एका बैठकीत जी खाती एकापाठोपाठ उघडतो, ती रांग यंत्र एखाद्या वाक्यासारखी वाचतं. प्रत्येक खातं म्हणजे एक शब्द. जे शब्द पुन्हा पुन्हा शेजारी येतात ते अर्थाने जवळचे, हे तत्त्व भाषेच्या यंत्रांनी आधीच वापरलं होतं. तसंच इथे. येवल्याची पैठणी, नाकातली नथ आणि सुरतेची सिंथेटिक साडी ही खाती हजारो बायकांनी लागोपाठ पाहिली की यंत्राच्या नकाशात ती शेजारी जाऊन बसतात. साडी म्हणजे काय हे या पायरीला कळावं लागत नाही. बायकांच्या बोटांनीच तो नकाशा काढलेला असतो. मग अशा शेजाऱ्यांतून 500 उमेदवार निवडायचे, झटपट गणिताने 150 ठेवायचे, जरा बारकाईने 50, आणि सर्वांत जड गणित फक्त त्या 50 वर चालवून 25 पुढे करायचे. मावशी पडदा वर ढकलते तेवढ्या अवधीत हे सारं उरकतं.

दोन्ही संस्थापक सप्टेंबर 2018 मध्ये कंपनी सोडून गेले. त्याच वर्षी जूनमध्ये महिन्याला 100 कोटी माणसं ॲपवर येऊ लागली होती. सप्टेंबर 2025 मध्ये कंपनीने 300 कोटींचा आकडा जाहीर केला. तेरा माणसांची ती जुनी फौज या आकड्यांच्या शेजारी ठेवली तर हसू येतं.

एवढं सगळं होऊनही 1643 ची मूळ तक्रार, रंगाची, सुटलेली नाही. उलट ती वाढली आहे. कॅमेऱ्याच्या चिपला रंग मुळात दिसतच नाही, फक्त उजेड दिसतो. म्हणून प्रत्येक ठिपक्यावर एक रंगीत काच बसवलेली असते. निम्म्या हिरव्या, पाव लाल, पाव निळ्या. ही मांडणी कोडॅकच्या ब्राइस बायरची, पेटंट 1976 चं. प्रत्येक ठिपका एकच रंग मोजतो, उरलेले दोन शेजाऱ्यांकडे पाहून अंदाजाने भरतो. म्हणजे फोटोतला दोन तृतीयांश रंग हा अंदाज आहे. पुढे फोटो आवळताना, डोळ्याला रंगाचा बारकावा कमी कळतो हे हेरून, चार-चार ठिपक्यांचा रंग एकच करून टाकतात. त्यात दुकानातली पांढरी ट्यूब आणि पिवळा बल्ब, फोनचं स्वतःचं शहाणपण, पाहणाऱ्याच्या पडद्याचा उजेड. राणी कलरसारखे काही भडक रंग तर सामान्य पडद्याला पुरते दाखवताच येत नाहीत. तो जवळचा काहीतरी दाखवून वेळ मारून नेतो. आणि इकडे मिलमध्ये 130 अंशांच्या बंद भांड्यात पॉलिस्टरवर चढलेला रंगही एका लॉटहून दुसऱ्या लॉटला किंचित सरकतो.

गिऱ्हाईक मात्र एकच वाक्य लिहून पार्सल परत धाडतं: फोटोतला रंग आला नाही. परतीचं भाडं दुकानदाराच्या माथी. म्हणून प्रत्येक यादीखाली ‘रंगात थोडा फरक असू शकतो’ ही ओळ असते, जी कुणी वाचत नाही. ज्यांना धंदा टिकवायचाय ते आता मॉडेलचा चकचकीत फोटो बाजूला ठेवतात, साडी हातात घेऊन दाराशी दिवसाच्या उजेडात येतात, आतली बाजू उलटून दाखवतात आणि पडद्यावर ठळक अक्षरांत लिहितात: ‘रिअल फोटो, नो फिल्टर’. एक्स-प्रो टू हा याच ॲपचा पहिला फिल्टर. सुरतेच्या साडीवाल्याला तो कुणी फुकट दिला तरी नको.